दाखल्यावरची अकरा

पाकीट फोडलं तेव्हा आधी फोटो खाली पडला. विटांची बैठी इमारत, लाल दारं, पुढं लोखंडी कठडा आणि कठड्याच्या आत गुडघ्याएवढी लेकरं पळताना. माझ्या लेकीनं तो उचलला आणि पहिल्यांदा खिडक्या मोजल्या. सात भरल्या. सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"एवढी बुटकी शाळा? साहेबाच्या देशात विटा कमी पडल्या का काय?"

"आजी, ती लहान लेकराची शाळा हाय," लेक म्हणली. "मोठी असती तर लेकरं घाबरली असती."

कुणी सांगितलं नव्हतं तिला. फोटो बघूनच समजली.

आमचे हे तेव्हा विलायतेत दवाखान्यात ब्रदर होते. सिस्टरचं काम पुरुषानं केलं की त्याला ब्रदर म्हणायचं, हे मला बी त्यांच्या पत्रातूनच कळलं. दुष्काळाच्या आदल्या वर्षी गेल्ते. सहावं वर्ष चालू होतं. आता कुठं त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि आम्हाला बोलावून राह्यले होते, मला आणि लेकीला. आमचं गाव भोकरदनहून एसटीनं तासाभरावर. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, आम्ही औरंगाबादचेच म्हणायचो.

पत्र मी स्वतः वाचलं. हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्या दोन वर्षांतली पत्रं मला पोस्टमननं वाचून दाखवलेली. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पोस्टमनच्या तोंडून ऐकायचं. तो बिचारा मधे मधे खोकायचा, म्हणजे तिथं काय लिहिलं असेल ते मी समजून घ्यायची. मंग लेक पहिलीत गेली, दुसरीत गेली, आणि मी तिच्या पाटीला पाटी लावून बसले. तिनं मला बाराखडी शिकवली. चुकलं की माझ्या हातावर फुंकणीनं हळूच मारायची आणि गुरुजींसारखं म्हणायची, "ध्यान कुठं हाय?" एवढीशी पोर. माझी सगळी शाळा तेवढीच.

तर पत्रात दोन शाळा होत्या. एक घराच्या मागच्या रस्त्यावर, मोठी, तीन मजली, हजारभर पोरं, अकराच्या पुढची. तिथं आपल्याकडची पंजाबी, गुजराती पोरं बी होती, पण मास्तर आपलं शिकवून निघून जातो, कुणाला कळलं का न्हाई बघत न्हाई. दुसरी ही फोटोतली. तिथं एक बाई होत्या, ज्या लेकराला इंग्रजीचा एक शब्द येत न्हाई त्याला जवळ घेऊन बसायच्या, चित्रं दाखवायच्या, हातात वस्तू द्यायच्या आणि पहिल्यापासून बोलायला शिकवायच्या. हे स्वतः जाऊन बघून आल्ते. लिहिलं होतं, "मला त्या बाई पसंत पडल्या. पण तू आई आहेस, शाळा तू निवड."

निवडायला काय लागतं. फोटो तर लेकीनं उशाखालीच ठेवला होता.

पण पत्राच्या खाली, जागा पुरली न्हाई म्हणून आडव्या अक्षरात दोन ओळी होत्या. त्या शाळेत अकराच्या आतलीच मुलं घेतात. आणि पासपोर्टाची नक्कल मला मिळाली, त्यावर पोरीचा जन्म एक जून लिहिलाय आणि साल दोन वर्षं मागचं लिहिलंय. ती तुरी काढायच्या वक्ताला झालेली, आता नऊची. हे कुणी केलं?

हे मी केलं होतं.

आमच्या गावातली सगळी लेकरं एक जूनला जन्मली. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण त्या काळात शाळेच्या रजिस्टरात बघा, पानंच्या पानं एक जून. शाळा जूनमधे उघडायची, सहा पुरे लागायचे, गुरुजी लेकराकडं बघून अंदाजानं साल टाकायचे. खरा दिवस कोण ठेवतो? जन्माची नोंद करणारा पाटलाच्या ओट्यावर बसून विचारायचा, आणि आमची वस्ती ओट्यावरून दिसत न्हाई. सासूबाई सुईण होत्या, त्यांच्या हातचीच पोर. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "तुरी निम्म्या काढल्या होत्या." हाच आमचा दाखला.

दुष्काळात मी न् सासूबाई रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचो. ह्यांचे पैसे तिकडून यायचे ते वरीसभर काही धड आले न्हाईत, त्यांचंच तिथं शिकणं चालू होतं. लेक साडेचार वर्षांची. खडीवर न्यायची तर कपच्या उडतात, एका बाईच्या लेकराचा डोळा गेलेला मी पाह्यला होता. घरी कोण न्हाई. आणि शाळेत दुपारी खायला सुकडी मिळायची. जावेची पोरगी सहाची होती, ती शाळेत निघाली. मी माझीला तिच्या हाताला धरून दिलं आणि गुरुजींपुढं उभी राह्यले.

गुरुजी म्हणले, "ही कुठं सहाची आहे, बाई? हिचं नाक तर अजून आईच्या पदराला पुसतंय."

"सहाची लिहा, गुरुजी."

"अहो, जग वय कमी लावायला येतं माझ्याकडं. दोन वर्षं कमी लावली की नोकरीत दोन वर्षं जास्त बसता येतं. तुम्ही पहिल्याच भेटल्या वाढवून मागणाऱ्या. उद्या पोरगी नोकरीला लागली तर दोन वर्षं आधी उठवतील, मंग मला शिव्या देऊ नका."

"नोकरी लागू तर द्या. आधी दुपारचं पोट तर भरू द्या."

गुरुजी हसले, दौतीत टाक बुडवला. मी अंगठा उठवला. शाईचा हात पदराला पुसत खडीवर गेले आणि त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं, की खडीच्या दोन पाट्या जास्तीच्या वाहिल्या. पोर सावलीत बसली, पोर खाऊन राह्यली. आता सांगा, ह्यात काय वाईट केलं? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलंय की प्रश्नच झिजून गेला.

बरं, आणि पोर मागं पडली असती तर गोष्ट वेगळी. ती पहिली यायची. पाचवीपर्यंत तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या लेकरांत बसून पहिली. आमच्या वस्तीत शिकणं म्हणजे धर्मासारखं. माझ्या लहानपणी सगळ्यांनी धर्म बदलला तेव्हापासून घरोघरी एकच बोलणं, पोराला शिकवा. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "नात इलायतीला शिकायला चालली." कुणी म्हणलं, "तिला तर इंग्रजी येत न्हाई, मावशे," की त्या म्हणायच्या, "तिकडं कुत्री बी इंग्रजीत भुकतात म्हणं. कुत्र्याला येतं, माझ्या नातीला येनार न्हाई का?"

पत्र आल्यावर मी शाळेत गेले. नवे हेडमास्तर होते. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं. आता मला वाचता येत होतं. एक जून. साल. आणि बाजूला माझा अंगठा. लेकीनं मला शिकवलेलं पहिल्यांदा कशाच्या कामी आलं म्हणाल, तर मीच उठवलेला अंगठा कशाखाली होता ते वाचायच्या कामी.

जुने गुरुजी बदलून जाफराबादला गेल्ते. मी एसटीनं जाफराबादला गेले. लेकीला संगं घेतलं, म्हणलं निदान तिच्याकडं बघून तरी समजतील. गुरुजींनी ओळखलं. बायकोला चहा ठेवायला सांगितला, लेकीला सतराचा पाढा विचारला, तिनं घडाघडा म्हणला. खुश झाले.

मी म्हणलं, "गुरुजी, तिचं खरं वय लिहून द्या. चूक झाली म्हणून लिहा."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "बाई, चूक झाली म्हणून मी लिहीन. पण ते जिल्ह्याच्या शिक्षण ऑफिसात जातं. तिथला साहेब विचारतो, जन्माचा पुरावा काय?"

"सासूबाई सांगतील."

"काय सांगतील?"

तुरी निम्म्या काढल्या होत्या, हे साहेबाला कसं सांगायचं.

"आणि दुसरं ऐका," गुरुजी म्हणले. "त्या वर्गात चाळीस लेकरं. चाळीसांची एक जून. एकीची बदलली तर साहेब म्हणेल, मंग बाकी एकोणचाळीस एकाच दिवशी कशी काय झाली? मी काय उत्तर देऊ? माझी नोकरीची सहा वर्षं राह्यली, बाई."

तोंडावर न्हाई म्हणले न्हाईत. अर्ज करा म्हणले, पाच-सहा महिने लागतील म्हणले. आम्हाला मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला महिन्यानं बोलावलं होतं. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हुशार पोरगी आहे. हिला कुठल्याही शाळेत घाला, ही वर येईल." ह्या वाक्यावर मी किती दिवस जगले, आणि मंग किती वर्षं त्याचा राग केला.

अर्ज मी केला, रजिस्टर पोस्टानं. ह्यांना तसं कळवलं. उलट टपाली पत्र आलं. "दुरुस्तीच्या नादी बिलकुल लागू नको. पासपोर्टावर एक आणि दाखल्यावर दुसरं दिसलं तर व्हिसा मिळणार नाही. इथं आपल्या लोकांच्या लेकरांची वयं खोटी असतात असा त्यांचा संशय असतोच. सहा वर्षं एकटा राहिलो, आता आणखी नको. तुम्ही या, शाळेचं मी इथं समजावून सांगतो. मुलाखतीत वय विचारतील. पोरीला इंग्रजीत सांगता आलं तर साहेबावर चांगली छाप पडेल." आणि खाली देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: इलेवन.

मी पत्र मांडीवर घेऊन बसले. अर्ज मागं घेतला न्हाई, पण त्याची चौकशी करायला बी पुन्हा गेले न्हाई. तिथंच शाळा निवडून झाली होती. मला तेव्हा कळलं न्हाई, एवढंच.

तिला इंग्रजीचा पहिला शब्द मी शिकवला. चुलीपाशी, विहिरीवर, जालन्याला स्टेशनावर आगगाडीची वाट बघताना.

"किती वर्षांची?"

"इलेवन."

"जोरात."

"इलेवन. पण आई, मी नऊची हाव ना?"

"घरात नऊची. साहेबापुढं अकराची."

"मंग शाळेत?"

"शाळेत बाबा सांगतील नऊ."

"बराबर सांगतील ना? फोटोतली शाळा अकराच्याला घेत न्हाई."

म्हणजे पत्र तिनं बी वाचलं होतं. मी म्हणलं, "सांगतील. तू म्हण, इलेवन."

मुंबईत साहेब गोरा, बाजूला आपला एक माणूस मराठीत सांगायला. त्यानं माझं नाव, गाव, लग्न कधी, नवरा पायात किती नंबरची चप्पल घालतो इथपर्यंत विचारलं. मंग लेकीकडं वळून गोड आवाजात म्हणला, "बाळ, तू किती वर्षांची आहेस?"

तिनं त्याच्याकडं बघितलंच न्हाई. सरळ साहेबाकडं बघितलं आणि म्हणली, "इलेवन."

साहेब हसला. मंग तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून काहीतरी बोलला. तो माणूस मला म्हणला, "साहेब म्हणतात, वयाच्या मानानं फार लहान दिसते."

मी म्हणलं, "दुष्काळातली हाय, साहेब. आमच्याकडची लेकरं अशीच बारीक असतात."

साहेबानं मान हलवली. कीव आली असेल. शिक्का मारला. ज्या दुष्काळापायी मी तिची दोन वर्षं वाढवली, तोच दुष्काळ मी त्या दोन वर्षांना साक्षीदार म्हणून उभा केला. बाहेर आल्यावर लेक म्हणली, "बरं म्हणले ना मी?" मी म्हणलं, "लई बरं."

तिकडं पोचल्यावर चौथ्या दिवशी आम्ही तिघं फोटोतल्या शाळेत गेलो. लेकीनं आधी खिडक्या मोजल्या. सात होत्या. त्या बाई बाहेर आल्या, पांढरे केस, पायात जाड बूट, लेकीपुढं खाली बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. आमच्या गावात तिचा हात असा कुठल्या गुरुजीनं धरला नव्हता. मंग ऑफिसात ह्यांनी पासपोर्ट पुढं केला. बाईंनी तारखेवर बोट ठेवलं. ह्यांच्याकडं बघितलं, काहीतरी विचारलं. बाईंचा चेहरा खरंच पडला होता, मी खोटं बोलणार न्हाई.

मी ह्यांना म्हणलं, "बोला ना आता."

हे खाली बघून म्हणले, "काय बोलू?"

"नऊची हाय म्हणा."

"पासपोर्ट खोटा आहे म्हणू? उद्या दवाखान्यात कळलं, पोलिसात कळलं, तर तिघांनाही बोचकं बांधून परत पाठवतील."

"तुम्ही लिहिलं होतं, मी समजावून सांगतो."

"लिहिलं होतं," हे म्हणले. आणि पासपोर्ट खिशात घातला.

माणूस वाईट नव्हता. सहा वर्षं परक्यांची अंथरुणं बदलून, मेलेल्यांना धुवून त्यानं त्या दोन खोल्या केल्या होत्या. पण त्या दिवशी मी त्याच्याकडं जे बघितलं, तसंच नंतर बघत राह्यले. ते वारले तोपर्यंत.

मोठ्या शाळेत गणवेशाचा सगळ्यात लहान मापाचा घागरा मिळाला तो तिच्या कमरेला दोन पिना लावून बसवावा लागला. पहिल्या दिवशी मास्तरनं हजेरी घेतली, हिला काहीतरी विचारलं. हिला एकच शब्द येत होता. म्हणली, "इलेवन." वर्ग हसला. दुसरं काही विचारलं, परत इलेवन. घरी येऊन तिनंच सांगितलं, रडत न्हाई, नुसतं सांगितलं. मंग पोरांनी तेच नाव पाडलं. रस्त्यानं जाताना मागून हाक यायची. मला इंग्रजी कळत नव्हतं, पण तो एक शब्द मला कळायचा, मीच शिकवला होता ना.

आणि जाण्याचा रस्ता फोटोतल्या शाळेवरून. दुसरा रस्ता न्हाई. रोज सकाळी ती कठड्याशी थांबायची, आत लेकरं पळायची, तिच्याच उंचीची. मी हात ओढायची. "चल जल्दी, उशीर होतो." ती कठड्याचे गज एकेक मोजत चालायची, बोटानं.

तीन-चार महिने ती शाळेत बोलली न्हाई. घरी बोलायची, बाराखडीपासून कवितांपर्यंत सगळं बडबडायची, शाळेत तोंड शिवलेलं. मंग शाळेतून चिठ्ठी आली. ह्यांनी वाचली आणि घडी घालून ठेवली. मी म्हणलं, मला सांगा. म्हणले, तिला वेगळ्या वर्गात बसवणार आहेत. कुठल्या? ज्यांचं डोकं चालत न्हाई त्या पोरांच्या. अकरा-बाराची पोरगी आणि एवढं साधं करता येत न्हाई, असं त्यांचं म्हणणं. कागदावर नऊ-दहाची असती तर त्यांनी थांबून बघितलं असतं. जिनं मला, एका अंगठेबहाद्दर बाईला, दोन वर्षांत वाचायला शिकवलं, तिचं डोकं चालत न्हाई.

दुसऱ्या दिवशी तिला सोडल्यावर मी एकटी त्या छोट्या शाळेत गेले. ह्यांना सांगितलं न्हाई. म्हणलं, पासपोर्ट नेला न्हाई म्हणजे पासपोर्ट बोलणार न्हाई. पदराखाली फोटो. पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला ओळखलं का न्हाई माहीत न्हाई, पण हसल्या, खुर्ची दिली. मी फोटो पुढं ठेवला. रस्त्याकडं हात करून लेकीची उंची दाखवली. आणि मंग दोन्ही हात वर करून नऊ बोटं दाखवली. एक अंगठा मुडपून. योगायोग म्हणा, पण तोच अंगठा.

बाईंनी माझ्या बोटांकडं नीट बघितलं. मोजली. मंग त्यांना समजलं असं त्यांच्या तोंडावर आलं. त्या उठल्या, मला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. नऊवर. मंग दाराकडं हात केला. शाळा नऊ वाजता उघडते, उद्या नऊला या. हळू, सावकाश, हातानं करून सांगितलं. ज्याला भाषा येत न्हाई त्याला कसं समजवायचं हे त्यांना चांगलंच येत होतं.

मी मान हलवली. फोटो उचलला आणि घरी आले.

पुढं ती शिकली बोलायला, जगली-वाचली, सगळं झालं. कागदावर सोळा भरले तेव्हा शाळेनं तिला सोडलं आणि ती एका धुलाईच्या कारखान्यात लागली, चादरींना इस्त्री करायला. चौदाची होती. आता तिथलीच झाली. हे गेल्यावर मी परत आले, जालन्यात राहते. ती दोन-तीन वर्षांनी येते. इंग्रजी मेमसाहेबासारखं बोलते. मराठी मात्र नऊ वर्षांच्या पोरीचंच राह्यलं, आमच्या वस्तीतलं, तसंच्या तसं. त्या मराठीत कुणी मोठं झालंच न्हाई.

मागच्या खेपेला तिनं सांगितलं, कामावरनं आता उठवून राह्यलेत, कागदावर वय भरलं. खरी दोन वर्षं हाय अजून. मला गुरुजी आठवले. मंग मी तिला सगळं सांगितलं, खडी, सुकडी, जाफराबाद, अर्ज. म्हणलं, मी तुझ्यासाठी फोटोतलीच शाळा निवडली होती, देवाशप्पथ.

ती तांदूळ निवडत होती. ताटातून मान वर न करता म्हणली, "मंग तूच म्हणली व्हती ना, जोरात म्हण म्हणून."

मी म्हणलं, हो. मीच म्हणल्ते.